इलेक्ट्रॉनिक्सच्या लाइनवरचा दिवस : ऑपरेटर नेमके काय करतो?

प्रश्न असा आहे : सर्किट बोर्ड तयार करणाऱ्या कारखान्यात लाइन ऑपरेटर म्हणून रुजू होण्याची संधी आहे, तिथे दिवसभर नेमके काय करावे लागते, सगळे यंत्रेच करत असतील तर माणसाला बटण दाबण्यापलीकडे काही उरते का, हाताने सोल्डरिंग (सोल्डर हा धातू वितळवून जोड लावणे) येत नसेल तर अडते का, आणि माणूस डावखुरा असेल तर त्रास होतो का. मी या कामात २१ वर्षे आहे. पहिली ३ वर्षे टच-अपच्या, म्हणजे जोड हाताने दुरुस्त करण्याच्या, टेबलावर हातात सोल्डरिंग आयर्न घेऊन गेली, पुढची ९ एसएमटी लाइनवर (जिथे बारीक भाग यंत्राने थेट बोर्डाच्या पृष्ठभागावर बसवतात) यंत्रे चालवण्यात गेली आणि त्यानंतरची नव्या माणसांना शिकवण्यात. त्यामुळे या प्रश्नांची उत्तरे जरा विस्ताराने देतो.

बटण दाबणे हे दिवसातले सर्वांत सोपे आणि सर्वांत कमी वेळाचे काम आहे. यंत्र चालू करायला कोणालाही आठवड्याभरात शिकवता येते. ते कधी थांबवायचे, थांबवल्यावर आधी कुठे पाहायचे आणि घडलेला प्रकार नोंदवहीत कसा उतरवायचा, हे अंगवळणी पडायला मात्र वर्षे जातात, आणि ऑपरेटरची किंमत ठरते ती त्यावरच. खराब बोर्ड प्रत्येक लाइनवर निघतात. ते कितव्या बोर्डापासून निघू लागले हे सांगता येणारा माणूस लाइनवर असेल तर बिघाड अर्ध्या तासात आवरतो. नसेल तर सगळा दिवसाचा माल बाजूला काढून तपासत बसावे लागते.

आधी लाइनची ओळख करून घेऊ, म्हणजे पुढचे समजेल. कोरा बोर्ड एका टोकाने आत जातो. प्रिंटर त्याच्यावर स्टेन्सिलमधून सोल्डर पेस्ट लावतो, पेस्ट नीट बसली की नाही हे पुढचे यंत्र मोजते, मग पिक-अँड-प्लेस यंत्र रीळातून सुटे भाग उचलून पेस्टवर ठेवते, रिफ्लो ओव्हनमध्ये पेस्ट वितळून जोड पक्के होतात आणि शेवटी कॅमेऱ्याने तपासणी होते. लांब पायांचे भाग, कनेक्टर, ट्रान्सफॉर्मर वगैरे नंतर हाताने किंवा वेव्ह सोल्डरिंगने (वितळलेल्या सोल्डरच्या लाटेवरून बोर्ड नेऊन) बसतात. त्यानंतर विद्युत चाचणी, गरज असेल तर संरक्षक लेप, जुळणी आणि पॅकिंग. एका लाइनवर २ ते ४ माणसे असतात. बाहेरून पाहणाऱ्याला ती नुसती उभी दिसतात, आणि लाइन सुरळीत चालली असेल तर खरोखरच तशी ती उभीच असतात.

शिफ्टची सुरुवात यंत्रापाशी होत नाही, जाणाऱ्या शिफ्टच्या माणसापाशी होते. कोणता फीडर (रीळावरची टेप सरकवून यंत्राला भाग पुरवणारे साधन) सतावतो आहे, कोणते बोर्ड बाजूला ठेवले आहेत आणि का, आणि गेल्या आठ तासांत कोणी कोणती सेटिंग बदलली, या तीन गोष्टी त्याच्याकडून विचारून घ्याव्यात. बस चुकेल म्हणून तो घाईत असतो आणि ‘सगळं ठीक आहे’ म्हणून निघू पाहतो. त्याला पाच मिनिटे अडवावे. बाजूला ठेवलेल्या बोर्डांवर चिठ्ठी नसेल तर तिथेच त्याच्याकडून लिहून घ्यावी, कारण चिठ्ठी नसलेला बोर्ड दोन तासांनी कोणीतरी चांगला समजून मॅगझिनमध्ये (बोर्ड रचून ठेवायच्या रॅकमध्ये) सरकवतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

त्यानंतर स्थिर विजेची तयारी. तिचे नियम नव्या माणसाला सोपस्कार वाटतात, कारण तिने केलेले नुकसान डोळ्यांना दिसत नाही. चालताना, खुर्चीवरून उठताना, प्लॅस्टिकची पिशवी फाडताना अंगावर वीज साठते. साधारण ३,००० व्होल्टच्या खाली माणसाला तिचा चटका जाणवतही नाही, आणि काही चिप तर १०० व्होल्टपेक्षाही कमी विद्युतदाबाने दुखावतात. म्हणजे ज्याने चिप मारली त्याला आपण काही केले याचा पत्ताच नसतो. त्याहून वाईट म्हणजे चिप पूर्ण न मरता अर्धवट दुखावते, चाचणीत पास होते आणि ग्राहकाकडे गेल्यावर केव्हातरी दम तोडते. म्हणून रोज लाइनवर जाण्याआधी रिस्ट स्ट्रॅप (अंगावरची वीज तारेने जमिनीत सोडणारा मनगटाचा पट्टा) आणि पादत्राणे टेस्टरवर तपासून नोंद करायची असते. स्ट्रॅपची धातूची बाजू उघड्या कातडीला टेकलेली हवी. बाहीवरून बांधलेला स्ट्रॅप म्हणजे नुसता दागिना. स्ट्रॅपच्या तारेत १ मेगाओहमचा रोध असतो, आणि तो बोर्डासाठी नसून तुमच्यासाठी असतो : चुकून २५० व्होल्टच्या तारेला हात लागलाच तर स्ट्रॅपच्या वाटेने अंगातून पाव मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह जाऊ नये, हा त्याचा हेतू. त्यामुळे ‘तार तुटली म्हणून मी साधी वायर जोडली’ असे कोणी सांगितले की मी आधी त्याचा स्ट्रॅप काढून घेतो आणि मग बोलतो.

आता पेस्ट. सोल्डरिंगमधले बहुतेक दोष मुळात प्रिंटरवर जन्माला येतात आणि पुढच्या यंत्रांवर उघडकीला येतात, म्हणून अनुभवी ऑपरेटरचे निम्मे लक्ष कायम प्रिंटरकडे असते. पेस्ट म्हणजे सोल्डरची अतिशय बारीक भुकटी आणि फ्लक्स (धातूवरचा गंज काढून सोल्डर पसरू देणारे रसायन) यांचे मिश्रण. डबा फ्रिजमध्ये साधारण २ ते १० अंश सेल्सिअसला ठेवतात आणि वापरण्याच्या सुमारे ४ तास आधी बाहेर काढून झाकण न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ देतात. गार डबा लगेच उघडला तर हवेतले बाष्प पेस्टवर उतरते, ओव्हनमध्ये त्या पाण्याची वाफ होऊन पेस्ट उडते आणि भागांच्या आजूबाजूला सोल्डरचे बारीक मणी पसरतात. रात्रपाळीला डबा काढायचा विसरला म्हणून तो ओव्हनच्या छपरावर ठेवून लवकर ‘तयार’ करणारे महाभागही भेटतात. असा डबा वरून गरम आणि आतून गार राहतो, आणि त्यातला फ्लक्सही बिघडू शकतो. अशा वेळी प्रामाणिकपणे लाइन लीडरला सांगावे आणि लाइन तेवढा वेळ उभी राहू द्यावी. ओरडा बसतो, तासाभराने विसरला जातो.

स्टेन्सिल म्हणजे साधारण ०.१ ते ०.१५ मिलिमीटर जाडीचा स्टीलचा पत्रा, त्यात प्रत्येक पॅडसाठी, म्हणजे बोर्डावर भाग जिथे जोडतात त्या धातूच्या जागेसाठी, कापलेले छिद्र. स्क्वीजी (पेस्ट ओढणारी पट्टी) पुढे जाताना तिच्यासमोरची पेस्ट दंडगोलासारखी गरगर फिरत गेली पाहिजे. ती फिरण्याऐवजी नुसती घसरत असेल, तर पेस्ट कमी पडली आहे किंवा वाळत चालली आहे असे समजावे. हे पाहायला कोणतेही उपकरण लागत नाही; प्रिंटरच्या काचेतून दोन स्ट्रोक पाहिले की कळते. मी शिकवताना नव्या माणसाला पहिल्या दिवशी अर्धा तास फक्त हेच पाहायला उभे करतो. तो कंटाळतो, पण नंतर कधीही काचेसमोरून जाताना त्याची नजर आपोआप आत वळते. स्टेन्सिल खालून पुसण्याचे काम यंत्र स्वतः करते, मात्र पुसण्याचा कागद संपला आहे आणि यंत्र कोरड्या दांडीनेच पुसते आहे, हे पाहणे माणसाचेच काम.

प्रिंट बिघडलेला बोर्ड कापडाने पुसून परत लाइनवर टाकू नये. पुसताना पेस्ट बोर्डाच्या बारीक छिद्रांत जाऊन बसते आणि ओव्हनमध्ये तिचे मणी होऊन भलत्याच जागी निघतात. असे बोर्ड ठरलेल्या पद्धतीने धुवायचे, भिंगाखाली पाहायचे आणि त्यांची संख्या लिहायची. दिवसाचा धुण्याचा आकडा वाढत असेल तर स्टेन्सिल, बोर्डाचा आधार किंवा पेस्ट यांपैकी काहीतरी बिनसले आहे. पण लोक हा आकडा लपवतात, आणि लपवला की ते कळण्याचा मार्गच बंद होतो.

पिक-अँड-प्लेस यंत्रावर ऑपरेटरचा वेळ मुख्यतः रीळ बदलण्यात जातो. ०४०२ आकाराचा कपॅसिटर १ मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद असतो. त्याच्या एका रीळात बहुधा १०,००० नग येतात. समजा एका बोर्डावर तो ६० ठिकाणी लागतो आणि लाइन दर ४० सेकंदांना एक बोर्ड काढते. मग ते रीळ १६६ बोर्डांत, म्हणजे १ तास ५० मिनिटांत संपते. यंत्रावर असे ६०–७० फीडर असतात आणि प्रत्येकाचा संपण्याचा वेळ वेगळा. यंत्र इशारा देतेच, पण इशारा आल्यावर स्टोअरकडे धावणारा ऑपरेटर आणि शिफ्टच्या सुरुवातीलाच कोणते रीळ केव्हा संपणार याचा हिशेब मांडून पुढची रीळे ट्रॉलीवर ओळीने लावून ठेवणारा ऑपरेटर यांच्या दिवसांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. जुन्या टेपच्या शेपटाला नव्या टेपचे तोंड चिकटवून लाइन न थांबवता रीळ बदलता येते. तिथे दोन्ही टेपची कडेची भोके तंतोतंत एका ओळीत आली पाहिजेत. किंचित चुकली तर टेप फीडरच्या दातांत अडकते आणि वाचवलेल्या मिनिटाच्या बदल्यात दहा मिनिटे जातात.

रीळ बदलताना झालेली माझी एक चूक सांगण्यासारखी आहे. तेव्हा आमच्या लाइनवर बारकोड तपासणी नव्हती. फीडरच्या यादीशी रीळावरचे लेबल डोळ्यांनी जुळवायचे आणि नोंदवहीत लिहायचे, एवढीच पद्धत. दुपारी दोन रीळे एकाच वेळी संपली, एक १०० नॅनोफॅरडचे आणि दुसरे १० नॅनोफॅरडचे. दोन्ही भाग ०४०२, दोन्ही तपकिरी. अशा सिरॅमिक कपॅसिटरवर काहीही छापलेले नसते, त्यामुळे कॅमेऱ्यालाही त्यांच्यातला फरक दिसत नाही. सुपरवायझर मागे उभा होता, लाइन थांबली होती, आणि मी दोन्ही रीळे अदलाबदल करून लावली. पुढे ४० मिनिटे यंत्राने एकही तक्रार न करता बोर्ड काढले. चूक उघडकीला आली ती पुढच्या शिफ्टच्या ऑपरेटरमुळे; त्याला शिफ्ट घेताना प्रत्येक फीडर यादीशी ताडून पाहायची सवय होती, आणि त्या सवयीची आम्ही थोडी चेष्टाही करत असू. त्या दिवशी मला एकाच गोष्टीने तारले : रीळ बदलल्याची वेळ आणि त्या वेळचा बोर्डाचा अनुक्रमांक मी नोंदवहीत लिहिला होता. त्यामुळे कोणते बोर्ड वेगळे काढायचे हे लगेच ठरले. वेळ लिहिली नसती तर त्या दिवसाचा सगळा माल संशयाखाली गेला असता, कारण बोर्ड बनल्यावर त्यातला कपॅसिटर कोणता हे वरून पाहून कोणालाही सांगता येत नाही.

आज बहुतेक ठिकाणी रीळ आणि फीडर दोन्ही स्कॅन केल्याशिवाय यंत्र पुढे जात नाही आणि नव्या रीळातला पहिला नग एलसीआर मीटरवर (भागाचे विद्युत मूल्य मोजणाऱ्या उपकरणावर) मोजतात. तरीही लेबलच चुकीचे लागलेले रीळ स्कॅनमध्ये बिनदिक्कत पास होते. ते पकडतो तो मीटरच. म्हणून मोजणी हा भाग कितीही कंटाळवाणा वाटला तरी गाळू नये. याच कारणासाठी जमिनीवर पडलेला सुटा कपॅसिटर उचलून वापरायचा नसतो. तो कोणत्या रीळातला हे आता त्यालाच ठाऊक.

उलट-सुलट लागणाऱ्या भागांचीही एक गंमत आहे, ती पहिला बोर्ड तपासताना कायम डोक्यात ठेवावी. अ‍ॅल्युमिनियमच्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरवरचा पट्टा ऋण टोक दाखवतो. टँटलमच्या चौकोनी कपॅसिटरवरचा पट्टा धन टोक दाखवतो. दोन्ही भाग एकाच बोर्डावर शेजारी बसतात. टँटलम उलटा लागून त्याला वीज मिळाली तर तो पेटूही शकतो. त्यामुळे ‘पट्टा म्हणजे वजा’ असे पाठ केलेला माणूस बोर्डापाशी धोकादायक ठरतो. प्रत्येक वेळी रेखाचित्र आणि मंजूर नमुना बोर्ड समोर ठेवूनच पाहावे.

काही चिप ओलावा शोषून घेतात आणि ओव्हनमध्ये तो ओलावा वाफ होऊन चिपचे आवरण आतून फाडतो. अशा चिप ओलावारोधक पिशवीत येतात आणि पिशवीवर त्यांची पातळी छापलेली असते. पातळी ३ असेल तर पिशवी उघडल्यापासून, ३० अंश सेल्सिअस आणि ६० टक्के आर्द्रतेपर्यंतच्या हवेत, १६८ तासांत त्या वापरायच्या. पातळी ४ असेल तर ७२ तासांत. मुदत उलटली तर ठरलेल्या तापमानाला भाजून कोरड्या कराव्या लागतात. ऑपरेटरच्या वाट्याला इथे एकच काम येते, पिशवी उघडल्याची वेळ लेबलवर लिहिण्याचे, आणि सर्वांत जास्त विसरले जाते तेही तेच.

ओव्हनला रोज हात लावावा लागत नाही, पण त्याचा धाक असावा. शिसेविरहित सोल्डरमध्ये सर्वाधिक वापरला जाणारा प्रकार ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी आणि ०.५ टक्के तांबे असा असतो आणि तो २१७ ते २२० अंशांच्या दरम्यान वितळतो. जुना कथील-शिसे सोल्डर १८३ अंशांनाच वितळत असे. १ जुलै २००६ पासून युरोपीय संघात बहुतेक उपकरणांमधील शिशावर बंधन आले आणि सगळ्या जगातल्या लाइनींचे तापमान वर चढले. बोर्ड आता साधारण २३५ ते २५० अंशांच्या शिखरापर्यंत जातो आणि भागांची सहनशक्ती तिथून फार लांब नसते. बोर्डाला ओव्हन पार करायला ५ मिनिटे लागत असतील आणि दर ४० सेकंदांना एक बोर्ड आत शिरत असेल, तर कोणत्याही क्षणी आत ७–८ बोर्ड असतात. ओव्हनमधून बाहेर येणाऱ्या बोर्डावर दोष दिसला की पहिली गोष्ट म्हणजे नवीन बोर्ड आत जाणे थांबवणे, मग विचार. आतले बोर्ड मात्र बाहेर येऊ द्यावेत. कन्व्हेयर थांबवला तर ते तिथेच भाजून निघतात. नवा माणूस घाबरून लाल बटण दाबतो, म्हणून हे पहिल्याच आठवड्यात सांगावे लागते. बोर्ड आत अडकला, धूर आला किंवा कोणाचा हात धोक्यात आला, तर मात्र लाल बटणाला पर्याय नाही.

कॅमेऱ्याची तपासणी, म्हणजे एओआय, हे माझ्या मते लाइनवरचे सर्वांत अवघड आसन आहे, जरी तिथे माणूस खुर्चीवर बसलेला असतो. यंत्र संशयित जागेचे चित्र दाखवते आणि माणसाने ‘दोष’ किंवा ‘ठीक’ ठरवायचे असते. यातले बरेच इशारे खोटे असतात : छपाईची शाई फिकी आहे, जोडावरून प्रकाश वेगळा परतला, भागाचा रंग दुसऱ्या पुरवठादारामुळे बदलला. सकाळपासून दीडशे वेळा ‘ठीक’ दाबले की एकशे एक्कावन्नाव्या वेळी बोट डोळ्यांच्या आधी चालते, आणि नेमका तोच भाग एका टोकावर उभा राहिलेला असतो. दोन पॅडवरची पेस्ट एकाच वेळी वितळली नाही की आधी वितळलेली बाजू भागाला ओढून थडग्याच्या दगडासारखे उभे करते. लहान भागांत हा दोष नेहमीचा. यावर इच्छाशक्तीचा उपयोग नाही. एका माणसाला सलग दोन तासांपेक्षा जास्त या खुर्चीवर बसवू नये, आणि एकाच जागेचा खोटा इशारा वारंवार आला तर तो मुकाट्याने दाबत न बसता प्रोग्रॅम करणाऱ्याला बोलावून दुरुस्त करून घ्यावा. खोटे इशारे सहन करणारा ऑपरेटर कष्टाळू वाटतो. प्रत्यक्षात तो स्वतःचीच नजर बोथट करत असतो.

आता हाताचे सोल्डरिंग. ते येत नसेल तर एसएमटी लाइनवर रुजू व्हायला काही अडत नाही, पण ते शिकावे असे मी आग्रहाने सांगेन, कारण जोड हाताने घडवलेल्या माणसालाच जोड वाचता येतो. नेहमीच्या जोडासाठी टिपचे तापमान ३५० अंशांच्या आसपास आणि वेळ २ ते ३ सेकंद. टिप पॅड आणि पाय या दोन्हींना एकाच वेळी टेकवायची, ते तापले की सोल्डरची तार टिपला न लावता त्या दोघांच्या संधीवर लावायची, सोल्डर आपण होऊन पसरला की आधी तार काढायची आणि मग आयर्न. सोल्डर टिपवर घेऊन रंगासारखा फासला तर फ्लक्स वाटेतच जळतो आणि जोड वरून गोल, आतून सुटा राहतो. जाड तांब्याच्या पट्ट्याला जोडलेला पाय उष्णता पिऊन टाकतो आणि सोल्डर काही केल्या पसरत नाही. तिथे नवशिका तापमान ४५० वर नेतो आणि पॅड उपटून बसतो. योग्य उपाय म्हणजे रुंद टिप आणि बोर्डाला खालून आधीच दिलेली ऊब.

जोड कसा दिसावा याबद्दल एक गैरसमज आमच्या पिढीनेच पसरवला. शिशाचा जोड आरशासारखा चमकायचा, म्हणून मंद, किंचित दाणेदार दिसणारा जोड म्हणजे कच्चा, असे आम्ही शिकलो. शिसेविरहित जोड मुळातच मंद दिसू शकतो आणि तो पूर्ण चांगला असतो. पाहायचे ते असे, की सोल्डर पायाला आणि पॅडला कडेने पातळ होत चिकटला आहे का. तो थेंबासारखा कडा वर करून बसला असेल तर चिकटलाच नाही. चांगल्या जोडाला चमकवण्यासाठी पुन्हा आयर्न लावणे म्हणजे त्याला विनाकारण आणखी एकदा भाजणे. त्याने जोड सुधारत नाही आणि पॅड सैल होण्याची शक्यता मात्र वाढते. वाद झाला तर ‘मला वाटते’ म्हणण्यापेक्षा आयपीसी-ए-६१० हे मानक उघडावे. त्यात वस्तूच्या वापरानुसार ३ वर्ग आहेत आणि कोणता जोड स्वीकारायचा हे चित्रांसह दिलेले आहे. आपला बोर्ड कोणत्या वर्गात मोडतो हे ऑपरेटरला ठाऊक असलेच पाहिजे. बऱ्याच ठिकाणी ते फक्त क्वालिटीच्या कपाटात ठाऊक असते.

शरीराचे म्हणाल तर वजन उचलण्याचे कष्ट फारसे नाहीत, पण मान, डोळे आणि पाय यांची परीक्षा होते. यंत्रापाशी आठ तास उभे राहणे किंवा मायक्रोस्कोपवर वाकून बसणे यांपैकी एक काहीतरी असतेच. मायक्रोस्कोपची उंची स्वतःच्या मानेप्रमाणे लावून घ्यावी; आधीच्या माणसाच्या मापावर दिवसभर बसू नये. फ्लक्सचा धूर सवयीचा होतो, पण निरुपद्रवी होत नाही : त्यातल्या राळेमुळे कामगारांना दमा जडतो हे वैद्यकशास्त्रात चांगले माहीत आहे, म्हणून धूर ओढणारी नळी टिपच्या जवळ हवी, टेबलाच्या कोपऱ्यात नव्हे. शिशाचा सोल्डर अजून काही कामांत वापरला जातो; तो धुराने सहसा पोटात जात नाही, बोटांवरून जातो, म्हणून खाण्यापूर्वी हात साबणाने धुणे हा साधा नियम तिथे अक्षरशः पाळावा. जवळची नजर आणि रंग ओळखण्याची क्षमता काही ठिकाणी भरतीच्या वेळी तपासतात. चष्म्याने काहीच बिघडत नाही.

कंटाळा येतो का, असे विचारले नसले तरी सांगतो : येतो. एकच बोर्ड आठवडाभर चालला की फारच. मला स्वतःला चेंजओव्हरचे, म्हणजे लाइनवर दुसरा बोर्ड चढवण्याचे, दिवस आवडत. जुना बोर्ड उतरवायचा, स्टेन्सिल, फीडर, आधाराच्या पिना बदलायच्या, पहिला बोर्ड काढून तो रेखाचित्राशी भाग-भाग ताडायचा आणि क्वालिटीची सही मिळेपर्यंत दुसरा बोर्ड सोडायचा नाही. त्या तासाभरात लाइनबद्दल जेवढे शिकता येते तेवढे महिनाभर सुरळीत चाललेल्या लाइनवर येत नाही. पुढे लाइन लीडर, टेक्निशियन किंवा प्रोसेसच्या कामात गेलेली जी माणसे मी पाहिली, ती बहुतेक चेंजओव्हरला स्वतःहून पुढे होणारी होती, आणि बहुतेकांच्या खिशात स्वतःची एक छोटी वही होती : कोणत्या नोजलने (भाग शोषून उचलणाऱ्या नळीने) उचलताना भाग वाकडा होतो, कोणता फीडर किती दिवसांनी अडतो, प्रिंटरचा कोणता आवाज कशाची पूर्वसूचना असतो. ओव्हनच्या तापमानाचा आलेख वाचायला शिकवा म्हणून इंजिनिअरच्या मागे लागावे. बरा इंजिनिअर शिकवतोच, कारण लाइनवर काय चालले आहे हे त्याला शेवटी तुमच्याकडूनच कळायचे असते.

डावखुरेपणाचा प्रश्न राहिला. यंत्रांना त्याने काही फरक पडत नाही. टच-अपच्या टेबलावर मात्र आयर्नचा स्टँड, स्पंज आणि धुराची नळी उजव्या बाजूला लावलेली असते, आणि डावखुरा माणूस संकोचाने तसाच बसला तर आयर्नची केबल दिवसभर बोर्डावरून ओढली जाते, कधी शेजारचा कनेक्टर भाजते, कधी मनगट. पहिल्याच दिवशी मांडणी उलटी करून मागावी. दहा मिनिटांचे काम आहे आणि ते सांगायला लाजण्यासारखे काही नाही. रिस्ट स्ट्रॅप, ज्या हातात आयर्न नाही त्या हाताला बांधावा. माझ्या हाताखाली शिकलेली सर्वांत स्वच्छ जोड करणारी मुलगी डावखुरी होती. तिचे टेबल दुसऱ्या शिफ्टचा माणूस रोज उजव्या हाताचे करून ठेवायचा आणि ती रोज सकाळी, एक शब्द न बोलता, ते पुन्हा डावे करून घ्यायची.